हिवाळ्यात हरवलेले महिने

१

केकच्या मधोमध भोक होतं, आणि ते मुद्दाम ठेवलेलं होतं. जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत कुणाचं शिक्षणाचं कर्ज माफ झालं की असाच केक करायची रीत होती. गोल, आतून पोकळ, वर साखरेचा पांढरा थर. म्हणजे शून्य. ज्याचं कर्ज गेलं त्यानं पहिला तुकडा हातानं मोडायचा आणि मग बाकीच्यांनी तुटून पडायचं.

त्या मंगळवारी तो मान काइसा ओयालाचा होता. काइसा कचेरीची फिरती नर्स. सुपीरियर सरोवराच्या काठाकाठानं, बर्फातून गाडी हाकत, म्हाताऱ्यांच्या जखमा बांधत आणि बाळांना लशी टोचत तिनं दहा वर्षं काढली होती. सरकारशी तिचा करार असा होता: लोकांच्या सेवेत पूर्णवेळ राहायचं, कमाईच्या मानानं ठरेल तो हप्ता दर महिन्याला भरायचा, आणि असे एकशेवीस हप्ते झाले की उरलेलं कर्ज सरकार सोडून देणार. गेल्या आठवड्यात काइसाचा एकशेविसावा महिना भरला होता.

"आधी आकडा दाखव, मग केक!" नोकरदारांचे कागद बघणारी ट्रुडी बोड्री ओरडली. "गेल्या खेपेला नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला आणि केक वाया गेला."

काइसानं हसत हसत सगळ्यांसमोर आपलं खातं उघडलं. पडद्यावर मोजणी होती सत्त्याण्णवची.

कुणीतरी पुन्हा उघडून बघ म्हणालं. तिनं पुन्हा उघडून बघितलं. सत्त्याण्णवच. तेवीस महिने गायब होते, जणू त्या महिन्यांत काइसा या जगात नव्हतीच.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. कारण तिनं पूर्णवेळच्या नोकरीचा राजीनामा आधीच देऊन टाकला होता. तिच्या बापाच्या, आर्वोच्या, कमरेचं हाड मोडल्यापासून तो खचत चालला होता, आणि या नाताळानंतर तर त्याला एकटं ठेवायची सोय उरली नव्हती. जवळच्या दवाखान्यात तिला अर्धवेळ काम मिळालं होतं, पण अर्धवेळ कामाचे महिने मोजणीत धरत नाहीत. म्हणजे आता एक तर कर्ज जन्मभर मानेवर, नाही तर बापाला शंभर मैलांवरच्या वृद्धाश्रमात ठेवायचं.

"सोमवारी नवी नर्स येतेय," कचेरीची प्रमुख हळूच म्हणाली. "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी तुझा राजीनामा टेबलाच्या खणात ठेवते. त्यापुढे माझाही इलाज नाही गं."

केक तसाच राहिला. काइसानं कोट चढवला आणि ती सरळ गावातल्या वाचनालयात गेली, आयरीन लकोमकडे.

२

आयरीननं तीस वर्षं एका विमा कंपनीसाठी जळालेले गोठे तपासले होते. आग आपोआप लागली की लावली, एवढंच तिला शोधायचं असे. निवृत्त झाल्यावर ती वाचनालयात बसून लोकांना सरकारी भानगडी सोडवून द्यायची. तीस वर्षं लबाडी बघूनही या बाईचं नवल संपलं नव्हतं. माणसं काय काय करतात हे बघून अजून तिचे डोळे लहान मुलीसारखे मोठे व्हायचे.

"मला आकडे नकोत," ती म्हणाली. "हरवलेला एकेक महिना नावानं सांग. मोठ्यानं."

काइसा सांगू लागली. जानेवारी, फेब्रुवारी. पुढच्या वर्षी जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. मग पुन्हा जानेवारी.

"थांब. उन्हाळ्यातला एकही नाही?"

"नाही." काइसालाही ते आत्ताच दिसलं. "सगळे नाताळानंतरचे. पण आयरीन, त्या महिन्यांचं बिल तर शून्य यायचं! शून्य भरायचं होतं, मी शून्य भरलं. यात चुकलं काय?"

"हिवाळ्यात शून्य का यायचं?"

"हिवाळ्याची सूट," काइसा म्हणाली, इतकं साधं कसं कळत नाही अशा सुरात. "थंडीत आपल्याकडे बिल थकलं तरी वीज तोडत नाहीत, घर तापवायला सरकार मदत देतं. तसंच."

"असं तुला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. "पहिलं अख्खं वर्ष शून्यच होतं," ती आठवून म्हणाली. "तेव्हा मी नुकती कॉलेजातून बाहेर पडले होते. आदल्या वर्षाची कमाई नाही, म्हणून हप्ता नाही. ते बारा महिने मात्र मोजणीत धरलेत. त्यामुळे पुढे शून्य आलं की मला वाटायचं, हे पण चालतं."

"फोन करून विचारायचं नाही का?"

"फोन? कर्जाच्या कंपनीला?" काइसा शहारली. "ट्रुडीनं एकदा नुसता पत्ता बदलायला फोन केला आणि तिचा हप्ता दुप्पट झाला. आमच्यात त्यांना कुणी फोन करत नाही. झोपलेल्या अस्वलाला कशाला उठवायचं?"

आयरीनला हसू आलं. तिच्या ओळखीत कर्ज असलेला प्रत्येक जण हेच म्हणायचा. "बरं, दर हिवाळ्यात शून्य यायचं?"

"एका सोडून. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात पूर्ण हप्ता आला. आणि ते महिने धरलेत." काइसानं डोळे पुसले. "मी नशीबवान समजायचे स्वतःला. एवढ्याशा हप्त्यानं व्याजही भागत नाही, त्यामुळे सगळ्यांची कर्जं फुगत जातात. माझं एकटीचं फुगलं नाही. मैत्रिणी विचारायच्या, तू काय जादू करतेस?"

आयरीननं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"हे महिने कुणी नेलेत असं मला वाटत नाही, पोरी," ती म्हणाली. "दर हिवाळ्यात कुणीतरी तुझ्या खात्यात येऊन काहीतरी ठेवून जातंय. तुझा खाते क्रमांक कुणाकुणाला माहीत आहे?"

३

दोघांना माहीत होता. एक काइसाचा घटस्फोटित नवरा ड्वेन पेल्की, आणि दुसरी ट्रुडी.

ड्वेन जिल्ह्याचा बर्फ काढायचा नांगर चालवायचा. बुधवारी सकाळी आयरीननं त्याला शेडमध्ये गाठलं, तर तो इंजिनावर गरम करायला ठेवलेली पास्टी, खिमा भरलेली जाड करंजी, खात होता.

"मी?" तो तोंडात घास ठेवूनच म्हणाला. "माझी बोट तिनं नेली, कुत्रा तिनं नेला, आता महिनेही मीच चोरले म्हणते का?"

"ती काही म्हणत नाही. मी विचारतेय. तिच्या खात्यात तू कधी पैसे भरलेस?"

ड्वेन इतका हसला की त्याला ठसका लागला. "आयरीन, मी माझ्याच खात्यात पैसे भरत नाही! हे असलं भरणं-बिरणं त्या घरात एकालाच जमतं. म्हाताऱ्याला. त्याच्याकडे वाटीभर साखर मागायला जा, देईल. त्यानं तुमच्याकडून वाटी नेली तर मात्र दोन आणून देईल, आणि वाटीही घासून. आमच्या लग्नाच्या जेवणात कुणीतरी म्हणालं, काळजी नको, काइसाला दहा वर्षांनी माफी मिळेल. तर हा गडी ताटावरून उठला! बाहेर बर्फात जाऊन उभा राहिला, कोट न घालता."

"का उठला?"

"आर्वोला 'का' असं विचारून कधी उत्तर मिळतं का?"

ट्रुडीकडे मात्र उत्तरांचा तुटवडा नव्हता. आयरीन खुर्चीत बसायच्या आतच ती सुरू झाली. "पूर्णवेळचा दाखला दर वर्षी मीच दिलाय, आणि त्यात एका अक्षराचीही चूक नाही. हिवाळ्यात तर ती दुप्पट राबते. मी कशाला तिचे महिने खाईन? तिचं झालं की माझा नंबर आहे!"

"तिची पत्रं कुठे येतात?"

"बापाच्या पेटीत. नांगर तिथपर्यंतच जातो ना. काइसाचं घर पुढच्या वळणावर, तिकडे टपालवाला मे महिन्याआधी फिरकत नाही."

आयरीननं मान डोलावली आणि उठता उठता, सहज आठवल्यासारखं विचारलं, "दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात इथे काही वेगळं झालं होतं का गं?"

"तो डिसेंबर?" ट्रुडीनं नाक मुरडलं. "विसरेन कशी! नाताळाला कचेरीत प्लास्टिकचं झाड आणावं लागलं. दर वर्षी आर्वो स्वतः तोडून आणून विकतो, पण तेव्हा तो कंबर मोडून पडला होता. अख्ख्या गावाला त्या वर्षी खरं झाड मिळालं नाही."

आयरीन दाराशी गेलेली तिथेच थांबली. पुढचं तिला आता कुणी सांगायची गरज नव्हती. पण जे दिसलं त्यावर तिचाच विश्वास बसत नव्हता.

४

गुरुवारी दुपारी ती आर्वोकडे गेली. सरोवर काठापर्यंत गोठलं होतं आणि पुढे मैलोनमैल नुसती पांढरी शांतता होती. आर्वो चुलीजवळ बसला होता, काठी गुडघ्याला टेकवून. दोघं एका शाळेत शिकलेली, त्यामुळे मानपान नव्हता.

"कुणाचा गोठा जळाला?" त्यानं विचारलं.

"कुणाचा नाही. कॉफी देतोस की नाही?"

काइसानं कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव आणून ठेवला आणि ती लाकडं आणायला मागे गेली. आयरीननं खोलीवर नजर फिरवली. दाराशी आर्वोचे बूट होते. टाचेला पट्टी, अंगठ्याला पट्टी, मूळचं कातडं शोधावं लागेल असे. टेबलावर आजचं टपाल पडलं होतं. त्यात काइसाच्या नावाचा, पुढे पारदर्शक कागदाची खिडकी असलेला एक लिफाफा होता, न उघडलेला.

"झाडं चांगली खपली का यंदा?"

"खपली."

"दर वर्षी खपतात. मग नवे बूट का घेत नाहीस रे?"

आर्वोनं पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "हे बरे आहेत."

"आर्वो, तू तिची पत्रं उघडतोस?"

म्हातारा ताठ झाला. "दुसऱ्याचं पत्र मी उघडत नाही."

"उघडायची गरजच नाही," आयरीन म्हणाली आणि तिनं तो लिफाफा खिडकीची बाजू पुढे करून वर धरला. नाव, पत्ता आणि त्यांच्या वर खाते क्रमांक स्वच्छ वाचता येत होता. मागच्या बाजूला कंपनीचा पत्ता छापलेला होता. "पैसे पाठवायला एवढंच पुरतं. नाताळात झाडं विकायची, मग डाकघरात जाऊन मनीऑर्डर करायची. इथल्या नाही, पलीकडच्या गावातल्या डाकघरात. इथली पोस्टमास्तरीण तासाभरात गावभर करेल. बरोबर?"

आर्वो चुलीकडे वळला. चुलीत एक ओंडका खाली बसला.

"झाडं जास्त खपली तर तीन महिने, चार महिने. कमी खपली तर दोन. आणि ज्या वर्षी तू पडलास त्या वर्षी काहीच नाही. म्हणून त्या वर्षीचे तिचे सगळे महिने जागेवर आहेत."

"मग चांगलंच आहे की," आर्वो पुटपुटला. "जेवढे दिले तेवढं तिचं ओझं कमी."

मागे धाडकन आवाज झाला. काइसाच्या हातातली लाकडं जमिनीवर पडली होती.

"इसा?" ती म्हणाली. त्यांच्या घरात अजून फिनिश बोलत आणि बापाला तसंच म्हणत. "ते तू होतास?"

आर्वोनं तिच्याकडे बघितलं नाही. तो आयरीनशीच बोलला, आणि आयरीननं त्याला आयुष्यात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

"मी कामाला होतो ती खाण बंद पडली त्या वर्षी ही कॉलेजात गेली. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. तिनं कर्ज काढलं, ती सही करत होती आणि मी बघत बसलो. मग सगळे म्हणायला लागले, माफी मिळेल, माफी मिळेल. माफी कुणाला मिळते, आयरीन? ज्यानं काही वाईट केलं त्याला. माझ्या पोरीनं काय वाईट केलं? बर्फात मरमर राबते ती. तिला कुणी माफ करायचं काही कारण नाही. म्हणून जेवढं जमलं तेवढं मी भरत गेलो. माफ करायला थोडं तरी कमी उरेल."

आयरीनच्या हातातली कॉफी गार झाली. जाळपोळ, खोट्या सह्या, भावाभावांचे दावे, सगळं तिनं बघितलं होतं. पण दहा वर्षं एक माणूस फाटक्या बुटांनी पलीकडच्या गावी जातो आणि एका शब्दाशी भांडतो, हे तिनं कधी बघितलं नव्हतं. तिला त्याच्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

"पण त्यानं महिने गेले कसे?" काइसाला अजून कळत नव्हतं.

"तुझ्याकडे दोन प्रकारची शून्यं येत होती," आयरीन म्हणाली. "पहिल्या वर्षीचं शून्य म्हणजे 'हिची कमाईच नाही, काही मागू नका'. ते कंपनी हप्ता म्हणून धरते. पुढची शून्यं म्हणजे 'हिचे पुढच्या महिन्यांचे पैसे आधीच आले, आता मागायचं काही नाही'. मागितलं नाही म्हणून हप्ता नाही, आणि हप्ता नाही म्हणून मोजणी नाही. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. तू ती हिवाळ्याची सूट समजलीस."

आर्वोचा चेहरा उतरला. इतका वेळ त्याला वाटत होतं की आपली चोरी पकडली गेली. आपण पोरीचं काय केलं ते त्याला आता कळलं.

"म्हणजे मी तिचे महिने खाल्ले," तो म्हणाला. "आणि ती माझ्यासाठी नोकरी सोडतेय." तो काठीवर भार टाकून उठला. "मला वृद्धाश्रमात ठेव, काइसा. उद्याच."

"खाली बस!" काइसा अशी ओरडली की तो खरोखरच बसला. ती रडत होती, चिडलीही होती. "दहा वर्षं त्या बुटांवरून मी तुला कंजूस म्हणत आले! एका शब्दानं बोलला असतास तर!"

"शुक्रवार उद्या आहे," आयरीन म्हणाली. "आणि मी अजून हरलेली नाही. पण आता अस्वलाला उठवावं लागेल."

५

शुक्रवारी सकाळी आर्वोच्या स्वयंपाकघरात काइसानं दहा वर्षांत पहिल्यांदा कर्जाच्या कंपनीला फोन लावला. तिनं दोनदा चुकीचे आकडे दाबले, तेव्हा नंबर आयरीननं फिरवला. फोनमधून संगीत वाजत राहिलं. कॉफी संपली, दुसरी केली, तीही संपली. अखेर एक तरुण आवाज आला, दक्षिणेकडच्या हेलाचा.

आयरीननं काय विचारायचं ते आधी पढवून ठेवलं होतं. महिने का गेले असं विचारायचं नाही. विचारायचं ते एवढंच की नाताळानंतर आलेल्या मनीऑर्डरींतून किती महिन्यांचे हप्ते आधीच भरले गेले होते. आगाऊ भरलेले महिने धरायचे असा नियम मध्यंतरी सुधारला होता. पण काइसाच्या जुन्या हिवाळ्यांकडे मागे वळून कुणी बघितलं नव्हतं, आणि बघायला सांगणारंही कुणी नव्हतं.

पलीकडे टकटक ऐकू येत राहिली.

"मॅडम, पैसे तर दिसतायत," आवाज म्हणाला. "पहिल्या हिवाळ्यात दोन महिने पुरतील एवढे. मग तीन. हं... एकदा चार." तो मोजत गेला. त्याचा आवाज हळूहळू बदलला. "मॅडम, ही मनीऑर्डर दर वर्षी नाताळानंतरच येते. कुणी पाठवायचं?"

काइसानं बापाकडे बघितलं. "माझे वडील. नाताळची झाडं विकून."

थोडा वेळ टकटक थांबली.

"माझे वडीलही ट्रक चालवायचे, माझ्या फीसाठी," आवाज म्हणाला. मग त्यानं घसा साफ केला आणि तो पुन्हा कामाच्या सुरात आला. "तेवीसही महिन्यांचे पैसे वेळेआधी आलेत, आणि नोकरीचे दाखले सगळे आहेत. फेरमोजणीला टाकतो. आकडा दिसायला काही आठवडे जातील, पण मॅडम, तुमचे एकशेवीस गेल्या आठवड्यातच झालेत. नोकरी बदलायची असेल तर खुशाल बदला."

काइसानं फोन ठेवला आणि ती खिडकीशी गेली. बाहेर ड्वेनचा नांगर रस्ता साफ करत होता. आज तो वळणावर थांबला नाही, पुढे काइसाच्या घरापर्यंत गेला.

कचेरीतून ट्रुडी आर्वोच्या घरी केक घेऊन आली तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. खात्यावर खरंच शून्य आलं होतं. काइसानं, आयरीननं, ट्रुडीनं, तिघींनी ते आळीपाळीनं बघितलं. कर्जाचा एवढा मोठा डोंगर, आणि त्याच्या जागी आता नुसतं एक गोल.

केक टेबलावर ठेवला. काइसानं तो बापापुढे सरकवला. "पहिला तुकडा तू मोडायचा."

"मी माफीचा केक खात नाही," आर्वो म्हणाला. त्याच्या पायात नवे बूट होते आणि ते चावतात म्हणून सकाळपासून त्याची कुरकुर चालली होती.

"इसा, आपल्या भाषेत माफीला काय म्हणतात?"

"आन्तेक्सी. तुला माहीत आहे."

"आणि देण्याला?"

"आन्ता..." तो म्हणाला आणि अडखळला. जन्मभर बोललेला शब्द त्यानं आज पहिल्यांदाच ऐकल्यासारखा तोंडात घोळवला. आन्ता, आन्तेक्सी. माफीच्या आत देणं होतं, तिथेच, इतकी वर्षं.

"अपराध-बिपराध काही नाही त्यात," काइसा हळूच म्हणाली. "मी त्यांना दहा वर्षं दिली. त्यांनी मला हे दिलं. आणि तू मला काय दिलंस, ते इथे कुणाला मोजता येणार नाही."

आर्वो बराच वेळ केकच्या मधल्या भोकाकडे बघत राहिला. मग त्यानं काठी बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी केक धरला आणि एक तुकडा मोडला. तो त्यानं आधी काइसाला दिला.